ब्रेकसाठी क्यू जड घ्यावा की हलका?

पूलमध्ये ब्रेकसाठी, म्हणजे त्रिकोणात रचलेले बॉल (रॅक) फोडणाऱ्या पहिल्या फटक्यासाठी, किती वजनाचा क्यू (खेळायची काठी) घ्यावा, असं तुम्ही विचारलंय आणि क्यूंची यादीही दिलीय. थोडक्यात सांगायचं तर १९ औंसचा घ्या (औंस म्हणजे साधारण २८ ग्रॅम), बटातला (क्यूच्या मागच्या जाड भागातला) वजनाचा बोल्ट बदलता येईल असा घ्या आणि २१-२२ चा नाद तूर्त सोडा. पण एवढ्यावर तुमचे क्लबमधले दोस्त गप्प बसायचे नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही नऊ फुटी टेबलावर एट-बॉल खेळता, रोजचा क्यू १९ औंसचा आहे, रॅक हवा तसा फुटत नाही. एक जण सांगतो २१-२२ औंसचा घे, दुसरा शपथेवर सांगतो १८ च बरा. गंमत अशी की दोघंही आपापल्या क्यूने चांगला ब्रेक मारत असणार, आणि त्यामुळेच दोघांनाही वाटतं की कमाल वजनाची आहे.

आधी हिशेब बघा. बॉल ६ औंसचा धरू (नियमात ५.५ ते ६ चालतो). क्यूचा वेग अगदी तोच ठेवून १८ ऐवजी २१ औंसच्या क्यूने मारलं, तर पांढऱ्याचा (क्यूने मारायच्या पांढऱ्या बॉलचा) वेग जेमतेम ३.७ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ताशी ३२ किलोमीटरचा ब्रेक ३३.२ वर जातो. क्यूचं वजन वाढलं जवळपास १७ टक्क्यांनी, आणि पदरात पडलं ते एवढंच. त्यातही ‘क्यूचा वेग तोच ठेवला तर’ ही अट आहे. १८ औंसवाल्याने हात ३.७ टक्के जास्त जोरात फिरवला की दोघं बरोबरीत.

आता कोणी म्हणेल, जड क्यूने हात मंदावतो, म्हणजे हलकाच चांगला. तेही अर्धवट खरं. १८ आणि २१ औंसमधला फरक आहे ८५ ग्रॅमचा. सत्तर किलोच्या माणसाचा कोपरापासून पुढचा हातच दीड किलोच्या घरात भरतो. तो दीड किलो आणि वर अर्ध्या किलोचा क्यू तुम्ही फिरवताच आहात, त्यात ८५ ग्रॅमने आभाळ कोसळत नाही. हात थोडा मंदावतो, वजनाने तेवढंच परत मिळतं. १८ ते २१ च्या दरम्यान जोरात फार मोठा फरक पडत नाही, म्हणून वजन जोरासाठी निवडायचंच नसतं. (क्लबात हमखास कोणीतरी सचिनची जड बॅट काढतो. तिथे बॉल समोरून वेगाने येतो आणि जड बॅट त्या धक्क्याला दबत नाही. इथे पांढरा बिचारा जागेवर बसलेला असतो. तो मुद्दा इथे लागू नाही.)

मग निवडायचं कशासाठी? रॅकच्या पुढच्या बॉलवर पांढरा अगदी मधोमध बसावा, यासाठी. माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे, आणि क्यूच्या दुकानात याबद्दल कोणी बोलत नाही.

समजा मधोमध मारायच्या ऐवजी पांढरा एक सेंटिमीटर बाजूला लागला. नऊ फुटी टेबलावर हेड स्ट्रिंगच्या (ज्या रेषेमागून ब्रेक मारतात तिच्या) मध्यावरून मारताना पांढऱ्याला साधारण १२१ सेंटिमीटर जायचं असतं. तेवढ्या अंतरात एक सेंटिमीटर चुकायला दिशेत अर्ध्या अंशाची चूक पुरते. अर्धा अंश! या चुकीने रॅकमध्ये जाणारी ऊर्जा फारशी कमी होत नाही, तीनेक टक्केच. पण पांढऱ्याकडे त्याच्या मूळ वेगाच्या १७-१८ टक्के वेग बाजूच्या दिशेने शिल्लक राहतो. ३२ च्या ब्रेकमध्ये तो ताशी साडेपाच किलोमीटर झाला. सव्वा मीटर रुंदीच्या टेबलावर या वेगाने सुटलेला पांढरा कुशन (टेबलाच्या रबरी कडा) खात फिरतो, एखाद्या पॉकेटमध्ये गडप होतो, नाहीतर दुसरा बॉल येऊन त्याला आत ढकलतो. पांढरा आत गेला की फाउल, मग दोन बॉल पॉट होऊनही (पॉकेटमध्ये जाऊनही) टेबल समोरच्याला मिळतं.

जोर वाढवला की ही चूकही वाढते. म्हणून ज्या वजनाने तुमचा क्यू सर्वांत सरळ जातो, ते तुमचं वजन. बहुतेकांच्या बाबतीत ते रोजच्या क्यूच्या वजनाच्या आसपासच निघतं, कारण हाताला तेवढ्याची लय बसलेली असते. तुमचा १९, म्हणून मी १९ म्हणालो. ज्यांचा हात झटक्याचा आहे, क्यू पुढे जाताना मनगट वळतं, त्यांना कधीकधी २०-२१ मानवतो, कारण जड क्यू सहजी वाकडा जात नाही. ज्यांचा हात मोकळा आणि लांब आहे, ते १८ वर खुश असतात.

तुमच्या यादीत २५ औंसचाही क्यू दिसला. जागतिक पूल संघटनेच्या नियमात २५ औंस ही वरची मर्यादाच आहे, म्हणजे तो चालतो. पण चालतो म्हणून घ्यायचा कशाला? पांढरा सुटायच्या आधी क्यूच आपल्याला ओढत नेतो.

वजनाच्या चर्चेत टिप (क्यूचं बॉलला लागणारं टोक) नेहमी राहून जाते, आणि खरा फरक तिथे आहे. चामड्याची टिप धडकेत बरीच ऊर्जा खाते. फेनॉलिकची (एका कडक प्लॅस्टिकची) टिप कमी खाते. साधारण आकडे धरले तर क्यूचा वेग तोच असताना फेनॉलिकने पांढऱ्याला सहा-सात टक्के जास्त वेग मिळतो. तीन औंस वाढवून जे मिळालं त्याच्या जवळपास दुप्पट, तेही हातावर काही बोजा न टाकता. तोटा असा की ही टिप गुळगुळीत असते, मध्यापासून जरा सरकून मारलं की मिसक्यू, म्हणजे टिप बॉलवरून घसरते. चॉक प्रत्येक ब्रेकला लावायचाच. स्पर्धेत उतरणार असाल तर कुठली टिप चालते ते आधी विचारून घ्या.

रोजच्याच क्यूने ब्रेक केला तर चालतं का, हेही विचारलंय. चालतं, पण चामड्याची टिप दबून कडेने फुगते आणि मग नाजूक शॉटला त्रास देते. स्नूकरच्या बारीक टिपेच्या क्यूने मात्र पूलचा ब्रेक मारू नका, कितीही हाताशी असला तरी. त्यापेक्षा क्लबातला एखादा सरळ हाऊस क्यू उचला. सरळ आहे ना, ते टेबलावर लोळवून बघायला विसरू नका.

जोराच्या मागे लागलेल्यांना मी नेहमी अमेरिकन पूल खेळाडू कोरी ड्यूएलचं उदाहरण देतो. २००१ ची यूएस ओपन नाइन-बॉल त्याने हळू ब्रेक मारून जिंकली, अंतिम फेरीत माइक सिगेलसारख्या दिग्गजाला ११-० ने हरवून. एट-बॉलमध्ये तेवढा हळू मारून चालणार नाही, कारण बॉल पॉट झाला नाही तर निदान चार बॉल कुशनला लागावे लागतात. पण पांढरा ताब्यात असण्याची किंमत त्यावरून कळते.

आता स्वतः तपासायची पद्धत. मित्राला बोल्ट बदलायला सांगा, १८, १९, २०, कुठला आत आहे ते तुम्हाला न सांगता. हे महत्त्वाचं, कारण वजन माहीत असलं की मन आधीच निकाल लावून मोकळं होतं. (बोल्ट बटाच्या टोकाला असतो, त्यामुळे जड बोल्टने तोलही मागे सरकतो. हाताला जे ‘जड’ वाटतं त्यात या तोलाचा वाटा असतो.) टेबलाजवळ फोनवर आवाज रेकॉर्ड करा. टिपेचा टक् आणि रॅकचा कडाका या दोन आवाजांमधला वेळ लाटांच्या चित्रात मोजता येतो. १२१ सेंटिमीटरला ०.१३६ सेकंद लागले तर वेग ताशी ३२ किलोमीटर, ०.१५६ लागले तर २८. आठ फुटी टेबलावर अंतर कमी, ते टेपने मोजून घ्या आणि त्यातून बॉलचा व्यास वजा करा. हा आकडा एका रकान्यात लिहा आणि शेजारी पांढरा कुठे थांबला ते. वेग दोन-तीन टक्क्यांनी इकडे-तिकडे झाला तर दुर्लक्ष करा. ज्या बोल्टला पांढरा पुन्हा पुन्हा टेबलाच्या मधल्या पट्ट्यात थांबतो, तोच ठेवा. थकल्यावर चाचणी करू नका, शेवटचे ब्रेक सगळेच वाईट येतात.

हे सगळं करण्याआधी रॅककडे एकदा वाकून बघा. पुढचा बॉल मागच्या दोघांना चिकटलेला नसेल, तर कुठल्याही वजनाच्या क्यूने तो रॅक फुटणार नाही. फूट स्पॉटपाशी (रॅकचा पुढचा बॉल ठेवतात त्या खुणेपाशी) कापडात खड्डा पडलेल्या टेबलावर हे फार होतं, आणि दोष जातो क्यूला.

दुकानात जाताना स्वयंपाकघरातला डिजिटल काटा बरोबर न्या. लेबलवरचं वजन आणि प्रत्यक्ष वजन जुळेलच असं नाही, विशेषतः बोल्ट आधी कोणी बदललेला असेल तर. १८ औंस म्हणजे ५१० ग्रॅम, १९ म्हणजे ५३९, २० म्हणजे ५६७, २१ म्हणजे ५९५. क्यू दोन तुकड्यांचा असेल तर दोन्ही तुकडे एकदम ठेवा.