प्रार्थनेत हप्ताच आठवतो

प्रश्न : पहाटे प्रार्थनेला बसते, पण डोळे मिटले की कर्जाचा हप्ता आणि मुलाची फीच समोर येते. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर : नाही हो. बायबलमधलं स्तोत्र 13 काढा. सहाच वचनं, आणि पहिल्या दोनांत ‘कोठवर?’ हा सवाल चारदा. तरी शेवट गाण्यात होतो. देवापुढे कुरकुर चालते.

मन भटकतं, कारण आपण चिंता बाहेर ठेवून प्रार्थना करायला बघतो. तिलाच आत घ्या. उशाशी वही ठेवा. बसल्यावर आधी डोक्यातलं लिहा : ‘5 तारखेला हप्ता, 3,000 कमी.’ मोघम ‘सांभाळ प्रभू’ नको, आकडा सांगा. फिलिप्पै 4:6 मध्ये विनंतीबरोबर आभारही आहेत, म्हणून खाली कालची एक गोष्ट लिहा, भाजीवालीने उधार दिलं एवढीही चालेल. मग मत्तय 6:25-34 मोठ्याने वाचा. सगळं मिळून पंधरा मिनिटं. सुरुवातीलाच तासभर बसणारे बहुधा आठवड्यात थकतात.

त्या उताऱ्यात पाखरांना देव खाऊ घालतो, पण घरट्यात आणून देत नाही. तेव्हा ‘आमेन’नंतर बँकेत फोन करा. हप्ता चुकण्याआधी मुदत मागितली तर बोलणं सोपं जातं. नवीन कर्ज काढून जुनं फेडू नका, त्याला विश्वास म्हणत नाहीत. चर्चच्या मंडळीत पाळकांना किंवा एखाद्या जाणत्या बहिणीला सांगा. गलतीकरांस 6:2, ‘एकमेकांची ओझी वाहा’, त्यासाठीच आहे. दर रविवारी वही चाळा, उत्तर मिळालं तिथे तारीख घाला. काही ओळी कोऱ्याच राहतील, त्या खोडू नका.