४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे का?

तुम्ही विचारलंय की या संख्येला ५०० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं, कशानेच भाग जात नाही, आणि २ वाली टेस्टही (संख्येतून १ वजा करून जे येतं तितका २ चा घात करायचा, त्याला संख्येने भागायचं, संख्या मूळ असेल तर बाकी १ येते) पास होतेय, मग मूळ धरायची का? नाही, धरू नका. अगदी थोडं आधी थांबलात, ६४१ ने भागून बघा, ६७,००,४१७ येतात आणि बाकी शून्य. हे दोन्ही मूळ आहेत, त्यामुळे विभाजक एकूण चारच.

आणि यात वाईट वाटून घेऊ नका, खुद्द फर्मा, तो मोठा फ्रेंच गणितज्ञ, इथेच फसला होता. ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. घातांक १, २, ४, ८, १६ घेतले की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ मिळतात, पाचही मूळ, म्हणून १६४० मध्ये त्याला वाटलं की घातांक असाच दुप्पट करत गेलं की पुढच्याही सगळ्या मूळच असणार. १७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने ६४१ दाखवला आणि ते संपलं.

६४१ सापडायला फार भागाकार करावे लागत नाहीत. ह्या संख्येचा कुठलाही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवून येतो (हेही ऑयलरनेच सिद्ध केलंय), म्हणजे तपासायचे फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१, पाचव्या भागाकाराला काम झालं. भागाकार न करताही कळतं बघा. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, म्हणून ५ × १२८ ला ६४१ ने भागलं की बाकी -१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो). याचा चौथा घात करा, ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. पण ६४१ म्हणजे ६२५ + १६ सुद्धा, म्हणून ६२५ च्या जागी -१६ चालतो, १६ हा २ चा चौथा घात, २८ आणि ४ मिळून ३२, म्हणजे २ च्या ३२ व्या घाताची बाकी -१ आणि त्यात १ मिळवला की शून्य. मला हे अजूनही दरवेळी तितकंच आवडतं.

दुसरी वाट वर्गांची. ही संख्या ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग आहे हे दिसतंच, पण ती ६२,२६४ चा वर्ग अधिक २०,४४९ चा वर्ग अशीही लिहिता येते. मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन वेगळ्या प्रकारे लिहिताच येत नाही, म्हणजे इथेच निकाल लागला. वर विभाजकही मिळतो: ६५,५३६ आणि ६२,२६४ मधला फरक ३,२७२, २०,४४९ आणि १ मधला २०,४४८, दोघांचा मसावि ८. तशाच बेरजा घ्या, १,२७,८०० आणि २०,४५०, मसावि ५०. दोन्ही मसावि निम्मे करा, ४ आणि २५, वर्गांची बेरीज १६ + ६२५ म्हणजे परत ६४१!

तुमची टेस्ट का चकली तर २ च्या ३२ व्या घाताची बाकी या संख्येने भागल्यावर -१, म्हणून ६४ व्या घाताची १, आणि संख्येतून १ वजा केला की जे उरतं ते ६४ च्या पटीतच आहे, त्यामुळे बाकी १ येणारच. फर्माच्या प्रकारच्या (वरच्यासारख्या, २ चा घात अधिक १ वाल्या) संख्यांना २ ने टेस्ट लावूच नका, २ च्या जागी ३ घ्या, लगेच पकडली जाते.

जाता जाता, यातून २ वजा करा. ४,२९,४९,६७,२९५ म्हणजे बरोबर ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७, आणि नुसत्या पट्टी-कंपासने काढता येणाऱ्या विषम बाजूंच्या सुसम बहुभुजांमध्ये आजवर माहीत असलेला सगळ्यात जास्त बाजूंचा बहुभुज एवढ्याच बाजूंचा.