कला शाखेत ‘संशोधन’ म्हणजे नेमकं काय करतात?

तुम्ही विचारलंय की मुलीला बीएनंतर संशोधनाकडे वळायचंय, पण तिथे ना प्रयोगशाळा ना यंत्रं, मग हे लोक शोधतात तरी काय? चार पुस्तकं वाचून पाचवं लिहायचं, एवढंच ना? प्रश्न रास्त आहे. माझ्या वडिलांनीही मला हेच विचारलं होतं आणि तेव्हा मला धड सांगता आलं नव्हतं.

माझा विषय भाषाविज्ञान, त्यातही बोली. पहिल्याच खेपेला मालवण तालुक्यातल्या एका वाडीत एका आजींसमोर बसले होते. हातात शब्दांची यादी, शेजारी रेकॉर्डर. ‘मुलाला तुमच्याकडे काय म्हणतात?’ आजी म्हणाल्या, ‘मुलगा.’ ‘आणि मुलीला?’ ‘मुलगी.’ असे पंधरा-वीस शब्द झाले, सगळे शाळेच्या पुस्तकातले. तेवढ्यात नातू दप्तर टाकून बाहेर पळाला आणि आजी मागून ओरडल्या, ‘खंय चल्लंस रे झिला?’ मी यादी मिटून ठेवली. बाई पुण्याहून आल्यात, त्यांच्याशी ‘शुद्ध’ बोलायला हवं, म्हणून आजी मला माझीच भाषा परत देत होत्या.

त्यानंतर मी शब्द विचारणं सोडलं. चित्रं दाखवायची, विहीर कशी खणली ते विचारायचं, गणपतीत घरी कोण कोण येतं ते सांगायला लावायचं. माणूस गोष्टीत रंगला की आपल्या बोलीत येतो. तासाभराचं बोलणं उतरवायला माझा अख्खा दिवस जायचा, कारण एखादा स्वर नाकातून आला की नाही एवढ्यासाठी तेच वाक्य दहादा ऐकावं लागतं. कोकणातला झील, खानदेशातला आंडोर, वऱ्हाडातला पोट्टा असे शब्द नकाशावर मांडले की त्यांच्या हद्दी जिल्ह्यांच्या हद्दींशी जुळत नाहीत. कुठे घाटाशी जुळतात, कुठे सोयरिकींशी. हे कुठल्याच पुस्तकात तयार सापडत नाही.

नात्यांच्या शब्दांवरून मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे आठवतात. आपल्याकडे सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणायची, अजूनही काही घरांत म्हणतात. का? महाराष्ट्रात बऱ्याच जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं. तसं लग्न झालं की सुनेची सासू ही तिची सख्खी आत्याच असते. म्हणजे शब्द ही जुन्या लग्नरीतीची खूण. पण लगेच टाळी वाजवायची नाही. सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणतात, ते उलट बाजूच्या, म्हणजे आत्याच्या मुलीशी झालेल्या लग्नाकडे बोट दाखवतं, आणि आत्याची मुलगी करणं तर बऱ्याच ठिकाणी निषिद्ध. तेव्हा नुसता शब्द पुरत नाही. घराघरांत जाऊन कोणाची मुलगी कोणाला दिली याच्या वंशावळी लिहून घ्याव्या लागतात. इरावतीबाईंनी देशभर फिरून हेच केलं आणि १९५३ साली त्यांचं भारतातल्या नातेसंबंधांवरचं पुस्तक आलं. उत्तरेची रीत आणि दक्षिणेची रीत यांच्यामधला महाराष्ट्र त्यात नीट उमगतो.

त्यांची पीएचडी मात्र कवट्यांवर होती, १९२०च्या दशकाच्या अखेरीला बर्लिनमध्ये. मार्गदर्शक ऑयगेन फिशर. वंश आणि कवटीची ठेवण यांचा संबंध असतो, गोरे त्यात सरस ठरतात, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी मोजमापं घेतली आणि असा संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. परक्या देशात, आपल्या मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध. संशोधन कशाला म्हणतात हे सांगताना मी विद्यार्थ्यांना पहिल्यांदा हीच गोष्ट सांगते.

आता ‘पुस्तकं वाचून पुस्तक’ याबद्दल. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे पोथ्या ताडून मूळ संहिता ठरवण्याचं, काम सुरू झालं, ते १९६६ साली पुरं झालं. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या बाराशेहून अधिक पोथ्या, शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा कितीतरी लिप्यांतल्या. एकेका श्लोकासाठी रेघा आखलेला कागद. वरच्या ओळीत श्लोक, एका घरात एक अक्षर. खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ, आणि जिथे फरक तिथे त्या घरात फरकाचं अक्षर. आता यातलं मूळ कुठलं? नक्कल करणारा अवघड शब्द सोपा करतो, सोपा शब्द मुद्दाम अवघड करत नाही, म्हणून अवघड पाठ, म्हणजे पोथीतली ती शब्दयोजना, बहुधा जुना. काश्मीरच्या आणि केरळच्या पोथ्यांत एकच पाठ मिळाला, तर तोही जुना असणार, कारण एवढ्या लांबून एकमेकांची नक्कल होणं कठीण.

याचा निकाल काय लागला, तर व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही आपल्या सगळ्यांची लाडकी कथा मूळ संहितेतून बाहेर गेली. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाला हाक मारते तेही बाहेर. फेकून मात्र दिलं नाही, तळटिपांत आणि परिशिष्टांत छापून ठेवलं. संपादकांचा निर्णय चुकला असं वाटणाऱ्याला तिथेच तपासता यावं म्हणून. प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांचं पहिलं शिक्षण केंब्रिजला गणितात झालेलं. ते १९४३ साली गेले, काम पुरं झालेलं त्यांना दिसलं नाही.

गणितावरून दामोदर धर्मानंद कोसंबी. हे तर पेशानेच गणिती, आधी फर्ग्युसनमध्ये, मग टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. त्यांनी तक्षशिलेला सापडलेली आहत, म्हणजे ठसे मारून केलेली, नाणी तराजूवर तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, पण सगळी नाणी सारखी झिजत नाहीत. म्हणजे जितकी जास्त वर्षं वापरात, तितकं सरासरी वजन कमी आणि वजनांतला फरक जास्त. एवढ्या साध्या विचारावर त्यांनी नाण्यांचे गट कालक्रमाने लावले. नाण्यावर ना राजाचं नाव ना साल, तरी क्रम लागला. हा इतिहास की गणित? मला तरी यातला एकच विभाग निवडता येणार नाही.

उत्खननात अशी भागीदारी रोजचीच. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ पासून डेक्कन कॉलेजने वर्षानुवर्षं खणलं आणि तीनेक हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव वर आलं. घराच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत. खापरं एकाने पाहायची, जळके दाणे वनस्पतीच्या जाणकाराने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून सातू की गहू ते ठरवायचं, जनावरांची हाडं तिसऱ्याने, माणसांचे दात चौथ्याने. दातांच्या किडीवरून खाणं कळतं, आणि दातावरच्या आडव्या खाचांवरून बाळपणी उपासमार किंवा मोठं दुखणं झालं होतं का तेही.

आणि प्रयोगशाळेचंच म्हणाल, तर नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनाही तारा टेबलावर घेऊन प्रयोग करता येत नाही. जे येतं ते टिपायचं, गोंगाट वेगळा काढायचा आणि उरलेल्यावर शंका घ्यायची. मी आजींच्या अंगणात करत होते त्यापासून हे फार लांब नाही.

सगळीकडे असंच चालतं असं मात्र मी म्हणणार नाही. प्रकरणंच्या प्रकरणं उचललेले प्रबंध मी तपासले आहेत. प्रश्नावलीत उत्तर आधीच ठरवून ठेवलेलं असतं, तेही पाहिलंय. नोकरीसाठी पदवी हवी म्हणून घाईने लिहिलेलं काम वाचताना जीव तुटतो, कारण त्याच विषयात करण्यासारखं कितीतरी पडलेलं असतं. तुमची शंका अशा कामांमुळेच आली असेल, तर तुमचा दोष नाही.

तेव्हा मुलीला ‘विषय कुठला’ हे नंतर विचारा. आधी विचारा की तुला पडलेला प्रश्न कुठला, आणि तुझं म्हणणं चूक असेल तर ते तुला कशावरून कळेल? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिला आज नाही आलं तरी चालेल, पण मार्गदर्शक निवडताना त्यांच्याशी यावर बोलायलाच हवं. इतिहास घेणार असेल तर नाव नोंदवण्याआधी मोडी शिकू द्या. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतल्या कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत आणि वाचणारे थोडे. भाषा घेणार असेल तर येत्या सुट्टीत रेकॉर्डर देऊन आजोळी पाठवा. शब्दांची यादी सोबत देऊ नका.