‘मार्शल आर्ट’मधली कला कोणती?

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: ‘मार्शल आर्ट फिल्म’ला मराठीत ‘युद्धकलापट’ म्हणावे का, आणि नावातच ‘कला’ असल्यामुळे हे चित्रपट कलाकृती ठरतात व चिनी संस्कृतीचे दर्शन घडवतात, असे म्हणता येईल का?

‘कला’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. ‘चौदा विद्या, चौसष्ट कला’ म्हणताना आपल्याला कौशल्य अभिप्रेत असते. वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांत माळा गुंफण्याबरोबर विजय मिळवून देणाऱ्या आणि व्यायामाच्या विद्याही आहेत. ‘ही कलाकृती आहे’ असे म्हणताना मात्र आपण रसनिर्मितीविषयी बोलत असतो. युद्धकलेतील कला पहिल्या अर्थाची आहे, त्यामुळे नावाच्या आधारावर चित्रपट कलाकृती ठरत नाही.

चिनी भाषेत तलवारबाजीच्या या चित्रपटांचे नाव ‘वूशिया’ असे आहे, आणि त्यातील खरा भार ‘शिया’वर आहे. ‘वू’ म्हणजे शस्त्रबळ; ‘शिया’ म्हणजे कोणत्या प्रकारची माणसे, ते जुन्या चिनी ग्रंथांतून कळते. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात हान फेई या विचारवंताने तक्रार केली होती की विद्वान आपल्या विद्येने कायद्यात गोंधळ माजवतात आणि शिया शस्त्रबळाने राजाज्ञा मोडतात. पुढे सिमा छियान या इतिहासकाराने आपल्या ग्रंथात भटक्या शियांना स्वतंत्र प्रकरण दिले आणि दिलेला शब्द पाळणारी, अडलेल्यासाठी जीव धोक्यात घालणारी माणसे म्हणून त्यांचा गौरव केला. ‘वीर’ किंवा ‘योद्धा’ यांत हा अर्थ येत नाही, कारण वीर राजाच्या पदरीही असू शकतो. मला ‘कैवारी’ हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो: दुर्बळाची बाजू घेणे आणि त्यासाठी सत्तेशी वैर पत्करणे, या दोन्ही छटा त्यात आहेत.

दिग्दर्शक किंग हू यांच्या 1971 सालच्या चित्रपटाचे इंग्रजी नाव ‘अ टच ऑफ झेन’ आहे, पण मूळ चिनी नाव ‘शिया न्यू’, म्हणजे ‘कैवारी स्त्री’, असे आहे. भाषांतरात नेमका शियाच गळाला. 1975 मध्ये फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात तांत्रिक गुणवत्तेसाठी गौरवलेल्या या चित्रपटातील बांबूच्या बनातील झुंज पाहावी. उंच, सरळ खोडांमधून झिरपणारा प्रकाश, क्षणभर पूर्ण शांतता, आणि मग वरून तलवारीसह झेपावणारी नायिका. कोण जिंकले यापेक्षा ती लय लक्षात राहते, आणि तिथे दुसऱ्या अर्थाची कला निःसंशय आहे.

ही लय रंगभूमीवरून आली आहे. पेकिंग ऑपेरा या पारंपरिक चिनी संगीतनाट्याच्या नटाला गायन, संवाद, अभिनय आणि झुंज ही चार अंगे शिकावी लागतात; तिथे झुंज हा अभिनयाइतकाच कलेचा भाग आहे. मराठीत पैलवानाची ‘तालीम’ आणि नाटकाची ‘तालीम’ हा एकच शब्द आहे, त्यामुळे हे नाते आपल्याला समजावून सांगावे लागू नये. ‘कुंग फू’चा मूळ अर्थही वेळ व कष्ट घालून कमावलेले कौशल्य असाच आहे, म्हणून निगुतीने, छोट्या किटलीतून पुन्हा पुन्हा काढलेल्या चहालाही चिनी लोक ‘कुंग फू चहा’ म्हणतात.

संस्कृतीच्या दर्शनाविषयी मात्र जपून बोलावे. बांबूवरून उडणारी माणसे म्हणजे चीनचे रोजचे जीवन नव्हे, आणि यातील कित्येक नामवंत चित्रपट हाँगकाँग व तैवान येथे तयार झाले. 1930च्या दशकात शांघायमध्ये असे चित्रपट अंधश्रद्धा पसरवतात म्हणून तत्कालीन सरकारने त्यांच्यावर बंदीही घातली होती. या चित्रपटांत दिसते ते जीवन नसून आदर्श आहे: न्याय कचेरीत मिळत नसेल, तर तो कोणी एकट्याने मिळवून द्यावा, ही जुनी आस.

आता शब्दाविषयी. ‘युद्धकलापट’ टाळावा, कारण ‘युद्धपट’ म्हणजे लढायांचा चित्रपट हा अर्थ रूढ आहे आणि घोटाळा होतो. तलवारींचे, कैवाऱ्यांचे ते ‘वूशियापट’ आणि हातापायांच्या झुंजींचे ते ‘कुंग फूपट’ असा भेद करावा. आपल्याकडे सरसकट बोलले जाणारे ‘कराटेचा पिक्चर’ मात्र चिनी चित्रपटांना लावू नये. कराटे ही ओकिनावात घडलेली जपानी विद्या आहे.