वडिलांमधला बदल वयाचा की आजाराचा? आधी तो किती दिवसांत झाला ते पाहा

नमस्कार. तुम्ही लिहिले आहे की तुमचे ७६ वर्षांचे वडील दिवाळीपासून कमी बोलू लागले आहेत, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची जेवणावरची वासना उडाली आहे, आणि गेल्या चार दिवसांपासून रात्री त्यांना खोलीत माणसे दिसतात, तर दिवसा ते गुंगीत असल्यासारखे पडून असतात. ‘वय झाले, आता असेच चालायचे’ असे घरातल्यांचे मत आहे आणि तुम्हाला स्मृतिभ्रंशाची धास्ती वाटते आहे. मी वृद्धांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काम केले आणि सासूबाईंचे दीर्घ आजारपणही घरीच काढले, त्या अनुभवावरून लिहिते.

सर्वांत आधी या चार दिवसांविषयी. स्मृतिभ्रंश चार दिवसांत येत नाही. तो वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जातो. काही तासांत किंवा दिवसांत माणूस बदलला, दिवसभरात कधी शुद्धीवर तर कधी भरकटलेला दिसू लागला, तर त्याला डेलिरियम म्हणजे तीव्र संभ्रमावस्था म्हणतात, आणि तिच्यामागे बहुधा शरीरातलेच काहीतरी बिघडलेले असते: लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातले सोडियम उतरणे, साखर खाली जाणे, लघवी तुंबणे, अनेक दिवसांची बद्धकोष्ठता, किंवा नुकतीच सुरू झालेली एखादी गोळी. उतारवयात न्यूमोनिया झाला तरी ताप चढेलच असे नाही, आणि तहानेची जाणीव मंदावल्यामुळे शरीरातले पाणी कमी झाल्याचे त्यांचे त्यांनाही कळत नाही. म्हणून कृपया उद्यावर टाकू नका, आजच त्यांना रुग्णालयात न्या. चादरीचे धागे उपटणारा, हवेत काहीतरी पकडू पाहणारा रुग्ण वॉर्डात कोणाच्याही नजरेतून सुटत नाही. पण मुकाट्याने पडून राहणारा, हाक मारल्यावर क्षणभर डोळे उघडून पुन्हा मिटणारा रुग्ण ‘आज शांत झोपलेत’ म्हणून मागे राहतो, आणि माझ्या अनुभवात खरा धोका त्यालाच असतो. गेल्या काही आठवड्यांत ते पडले असतील, डोक्याला किरकोळ मार लागला असेल, तर तेही आठवणीने सांगा, कारण विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचू शकते आणि त्याची लक्षणे कित्येकदा काही आठवड्यांनी दिसतात. रात्री शांत झोपावे म्हणून घरातली झोपेची गोळी मात्र देऊ नका. संभ्रम त्याने आणखी वाढू शकतो.

हा प्रसंग निभावल्यावर दिवाळीपासूनच्या बदलाकडे वळा. महिन्या-दोन महिन्यांत माणूस मिटत गेला असेल तर नैराश्याचा विचार गांभीर्याने करायला हवा. या वयातला माणूस ‘मला उदास वाटते’ असे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो की पोट साफ होत नाही, अंगात त्राण नाही, कशातच मन लागत नाही. स्मरणशक्तीही त्यात मंदावते, त्यामुळे वरवर पाहता स्मृतिभ्रंशाचाच भास होतो. एक ढोबळ फरक मला नेहमी उपयोगी पडला आहे: नैराश्यातला माणूस ‘मला काही आठवत नाही’ असे स्वतःहून सांगतो आणि उत्तर देण्याचा प्रयत्नच सोडतो, तर स्मृतिभ्रंश असलेला बरेचदा काहीतरी जुळवून उत्तर देतो आणि विसर पडल्याची तक्रार त्याच्याऐवजी घरचे करतात. अर्थात हा फरक निदानाची जागा घेऊ शकत नाही, आणि दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांनाच दाखवावे लागेल. वृद्धांचे नैराश्य औषधांनी आणि समुपदेशनाने बरे होते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. ‘आता देवाने न्यावे’ हे वाक्य म्हातारपणी सगळेच बोलतात, असे समजून कानाआड करू नका. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

वयामुळे खरोखर काय बदलते, तेही सांगते. नवे शिकायला वेळ लागतो, माणसांची नावे ओठांवर येऊन अडतात, एका वेळी दोन कामे जमत नाहीत, झोप सावध होते. शब्दसंग्रह आणि आयुष्यभर केलेल्या कामाचे ज्ञान मात्र बराच काळ टिकते. नाव तासाभराने आठवले तर काळजी नसावी; पण पेन्शनचा हिशेब जमेना, रोजच्या वाटेवरून घर सापडेना, चहात आधी काय घालायचे ते कळेना, तर तो वयाचा भाग मानू नये.

कान तपासून घ्यायला बहुतेक घरे विसरतात. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात उंच स्वर आधी जातात, त्यामुळे स, श, फ यांसारखी व्यंजने निसटतात. आवाज ऐकू येतो, पण बोललेले उमगत नाही. अशा माणसाला तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागतो, आणि थोड्या काळाने तो गप्पच बसतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणे सांगितली आहेत, आणि ती सगळी दूर झाली तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा त्यांचा आजार लांबवता येईल, असे त्यात म्हटले आहे. ऐकू कमी येणे हे त्यांतले एक मोठे कारण आहे.

रुग्णालयात जाताना घरातली सगळी औषधे घेऊन जा, चिठ्ठ्याच नव्हे, पाकिटेसुद्धा. वॉर्डात आम्ही नातेवाइकांनी आणलेली कापडी पिशवी पलंगावर रिकामी करत असू, आणि एकदा तीत रक्तदाबाची एकच गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी निघाली. दोन डॉक्टरांनी ती वेगवेगळी लिहिली होती आणि आजी दोन्ही इमानेइतबारे घेत होत्या. उठताना चक्कर का येते, याचे उत्तर तिथेच मिळाले. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरते. मधुमेहासाठीचे मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोज घेतले जाणारे पॅन्टोप्राझोल दीर्घकाळ चालू असले, त्यात आहार शाकाहारी असला, तर बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होण्याचा संभव वाढतो, आणि त्याची कमतरता हातापायांच्या मुंग्यांपासून विस्मरणापर्यंत पुष्कळ काही घडवते. सर्दीची क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन, वारंवार लघवीसाठी दिलेली ऑक्सिब्युटिनिन या गोळ्याही वृद्धांच्या मेंदूवर मळभ आणतात. आपल्या मनाने मात्र एकही बंद करू नका. काही गोळ्या एकाएकी थांबवणे धोक्याचे असते. सोडियम, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी तपासणी), थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी एवढे झाले आहे का, हे डॉक्टरांना निःसंकोच विचारा.

इतके सगळे पाहूनही स्मृतिभ्रंशच निघाला, तर तुम्ही एकटे नाही: देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या एका अभ्यासात ६० वर्षांवरील भारतीयांमध्ये त्याचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, इतके आढळले आहे. डोनेपेझिलसारखी औषधे आजार थांबवत नाहीत, पण काही रुग्णांची लक्षणे काही काळ सावरतात.

तुमच्या लिहिण्यात आईंचा उल्लेख एकाच वाक्यात आला आहे, तोही त्या रात्रभर जाग्या असतात इतकाच. त्यांचे वयही सत्तरीच्या पुढे असणार. रात्रीची पाळी आलटून पालटून तुम्ही आणि तुमच्या भावाने घ्यावी, आणि शक्य असेल तर काही दिवसांसाठी मदतनीस ठेवावा. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाईनवर मार्गदर्शन मिळते. २०२४ पासून ७० वर्षांपुढील प्रत्येकाला आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. कार्ड काढलेले नसेल तर आधार कार्ड घेऊन ते काढून ठेवा. तपासण्यांचे आकडे आले की, विशेषतः सोडियम आणि बी-१२ चे, इथे जरूर लिहा. डॉक्टरांना पुढे काय विचारायचे ते आपण मिळून ठरवू.