हाऊलचा किल्ला पुस्तकात वेगळा आहे का?

प्रश्न: ताई, 'हाऊल्स मूव्हिंग कासल' हा पिक्चर बघून पोरगी आता पुस्तक मागायलीय, स्टोरी सेमच आहे का? – एक आई, जुळे सोलापूर

उत्तर: सेम नाहीये हो, पण पुस्तक नक्की द्या! डायना विन जोन्सचं पुस्तक १९८६चं, जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा ॲनिमेशन पिक्चर २००४चा, नायिका सोफीचं शापाने म्हातारी होणं, कॅल्सिफर हा आगीचा राक्षस, जादूगार हाऊलचा चालता किल्ला हे दोन्हीकडे आहे पण पिक्चरभर जे युद्ध चालतं ते मियाझाकींचं, पुस्तकात सोफीला शाप देणारी चेटकीण व्हिलन आहे, पिक्चरमध्ये ती बिचारी आजीबाई होऊन बसते. मला पुस्तकातली सोफी जास्त आवडते कारण तिच्या बोलण्यातच जादू असते, ती बनवते त्या टोप्यांशी नुसतं बोलली तरी त्यांच्यात जादू उतरते, आणि पिक्चरमध्ये हे जवळजवळ गेलंच. हाऊल मूळचा वेल्सचा, म्हणजे आपल्याच जगातला, तेही गाळलंय.