अद्भुताचा हिशेब : वाचकांचे प्रश्न

राक्षस, जादू आणि मनानं रचलेले मुलूख यांच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या आणि लिहू पाहणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना ही उत्तरं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मला अद्भुत कादंबरी लिहायची आहे. आधी काय वाचू? जो तो इंग्रजी पुस्तकांची चाळीस नावं सांगतो. (विद्यार्थिनी, अंबाजोगाई)

उत्तर : चाळीस कशाला? तीन पुरेत. मात्र प्रत्येकातून एकच कसब उचला.

पहिलं सोमदेवाचं ‘कथासरित्सागर’. लिहिलं गेलं अकराव्या शतकात काश्मीरमध्ये, पण त्याच्या सुरुवातीच्या भागातला सातवाहन राजाचा दरबार गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा. जलक्रीडेत राणी म्हणते ‘मोदकैः’, म्हणजे ‘मा उदकैः’, पाण्यानं मारू नका. राजाला व्याकरणातला संधी कळत नाही, तो मोदक मागवतो आणि त्याचं हसं होतं. त्याचा मंत्री गुणाढ्य म्हणतो, राजाला सहा वर्षांत व्याकरण शिकवीन. दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणतो, सहा महिन्यांत. तसं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन, अशी गुणाढ्याची प्रतिज्ञा. तो हरतो, अरण्यात जातो, पैशाची ही पिशाच्चांची भाषा शिकतो आणि शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्तानं सात लाख श्लोक लिहितो. राजा ते नाकारतो. मग तो एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून आगीत टाकू लागतो.

इथून पुढचे दुवे नीट बघा. ऐकता ऐकता जनावरं चरायची थांबतात आणि वाळतात. राजाच्या ताटात सुकं मांस येतं, त्याची तब्येत बिघडते. तो आचाऱ्यांना फैलावर घेतो, ते शिकाऱ्यांकडे बोट दाखवतात, आणि तपास करत राजा अरण्यात पोचतो. तोवर सहा लाख श्लोक जळालेले असतात, एक लाख उरलेले. जादू राजाला कळते ती मुदपाकखान्यातून! कुठलाही चमत्कार लिहिलात की त्याचा धक्का चुलीपर्यंत न्या, हे इथं शिकायचं.

दुसरं टोल्किन यांचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५). कथा वाचून झाली की परिशिष्टांतली तारीखवार जंत्री वाचा. वेगवेगळ्या वाटांनी गेलेल्या पात्रांना एकाच रात्री वेगवेगळा चंद्र दिसू नये म्हणून त्यांनी लिहिलेला मजकूर पुन्हा जुळवला होता. आपलं काम त्याहून सोपं आहे. गेल्या वर्षीची भिंतीवरची दिनदर्शिका उतरवा आणि कथेचे दिवस तिच्यावर पेन्सिलीनं मांडा. तिथी छापलेलीच असते. अमावस्येच्या रात्री चांदण्यातला पाठलाग घडायचा थांबेल.

तिसरं अर्सुला ल ग्विन यांचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८). लहानसं आहे. खरं नाव कळलं की त्या वस्तूवर ताबा, हा एकच नियम, आणि सगळी कथा त्याच्यावर उभी. नव्या लेखकानं पहिल्या पुस्तकात सतरा नियम घालू नयेत, याचा यापेक्षा चांगला दाखला आमच्या माहितीत नाही.

प्रश्न : माझा खलनायक कागदी वाटतो. तो क्रूर आहे, सगळे त्याला घाबरतात, तरी वाचणाऱ्याला भीती वाटत नाही. तुमचा आवडता खलनायक कोण? (शिक्षक, नांदेड)

उत्तर : क्षान्तिशील. वेताळाच्या पंचवीस गोष्टींमधला भिक्षू. ‘कथासरित्सागरा’त या गोष्टींचा राजाही प्रतिष्ठानचाच आहे, त्रिविक्रमसेन. हा भिक्षू रोज दरबारात येतो, एक फळ देतो आणि काही न मागता निघून जातो. राजा ते फळ कोषाध्यक्षाकडे देतो. वर्षानुवर्षं असं चालतं. एके दिवशी माकडाच्या हातून फळ फुटतं आणि आतून रत्न पडतं. भांडारात बघतात तर रत्नांचा ढीग! आता राजा नाही कसा म्हणणार? कृष्ण चतुर्दशीच्या रात्री मसणात ये, शिंशपेच्या झाडावरचं प्रेत खांद्यावर घेऊन ये, एवढंच तर मागणं आहे.

त्याच्या नावाचा अर्थच सहनशील. त्यानं राजाला आधी ऋणी केलं, मग मागितलं. आपल्याकडच्या ऊसतोडीच्या पट्ट्यात ‘उचल’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. हंगामाआधी हातात पैसा पडतो आणि पुढचे सहा महिने त्यातच ठरून जातात. तुमचा खलनायक पहिल्या प्रकरणात गाव जाळत असेल तर त्याऐवजी त्याला गावात विहीर खोदू द्या. पोहरा कुणाच्या परवानगीनं सोडायचा, हे चौथ्या प्रकरणात कळू द्या.

दुसरं काम : त्याच्या रोजमेळाचं एक पान लिहा. पदरी माणसं किती, त्यांना जेवण कोण घालतं, पगार कुठल्या दिवशी, तो चुकला तर आधी कोण कुरकुरतं. हे पान छापायचं नसतं, पण फितुरी कुठून होणार हे त्यातच सापडतं. दर प्रसंगात स्वतःचाच एक सरदार मारणारा खलनायक इथं उघडा पडतो. अशानं त्याच्याकडे तीन महिन्यांत कोण उरेल?

त्याच्या किल्ल्याबद्दल तुम्ही वेगळं विचारलं आहे. देवगिरी एकदा चढून या. ताशीव उभा कडा, भोवती खंदक, आत जायला एकच अरुंद वाट, पुढे वळणावळणाची अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, आणि तिच्या वरच्या तोंडाशी आग पेटवून धूर कोंडायची सोय. असा गड शिड्या लावून पडत नाही. १२९६ साली अलाउद्दीन खिलजीनं वेढा दिला तेव्हाची जुन्या इतिहासग्रंथांतली हकीकत अशी की, घाईत वर चढवलेली पोती धान्याची समजली होती, ती निघाली मिठाची. सैन्याचा मोठा भाग युवराजाबरोबर बाहेर होता. देवगिरीचा राजा रामदेवराय याला तह करावा लागला. तुमच्या नायकानं शेवटी तलवारीनं जिंकण्यापेक्षा कोठारातलं एक पोतं उघडलं, तर वाचक जास्त वेळ लक्षात ठेवील.

प्रश्न : नकाशा काढला आहे. दहा हजारांची फौज चार दिवसांत राज्याच्या या टोकाहून त्या टोकाला जाते. मित्र म्हणतो, हे अशक्य आहे. (वाचक, परभणी)

उत्तर : मित्राचं ऐका. आधी अंतर. इसवीच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी प्रवासग्रंथात भडोचपासून पैठण वीस दिवसांवर आणि तिथून पुढे तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, दहा दिवसांवर सांगितलं आहे. पैठण ते तेर सरळ रेषेत साधारण १५० किलोमीटर. म्हणजे लादलेल्या गाड्या, धड रस्ता नाही, दिवसाला पंधरा किलोमीटर, पाच कोस. तुमच्या नकाशावर पाच कोसांची एक पट्टी कापून घ्या आणि तिनंच सगळी अंतरं मोजा. एकटा घोडेस्वार तिप्पट जाईल, पण रोज नाही. पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी काढायची असेल तर पट्टी खिशात ठेवा. चिखलात चाक आसापर्यंत रुतलं की दिवस गेला.

आता पोट. माणशी अर्धा किलो ज्वारी धरली तर दहा हजारांना रोज ५० क्विंटल, म्हणजे पाच-सहा बैलगाड्या. हे सोपं आहे. त्यात तीन हजार घोडे असतील तर घोड्यामागे दहा किलो वैरण, म्हणजे रोज ३०० क्विंटल. कडबा हलका आणि फुगीर, गाडीत पाच-सहा क्विंटलच्या वर बसत नाही, म्हणजे पन्नास-साठ गाड्या. त्या गाड्यांचे बैलही खाणारच. फौज अडते ती भाकरीवर नाही, कडब्यावर.

पाण्याचा हिशेब मराठवाड्याच्या वाचकाला टँकरमध्येच सांगावा. घोड्याला रोज पस्तीस लिटर म्हटलं तरी तीन हजारांना लाखभर लिटर. दहा हजार लिटरचे दहा टँकर, माणसांचे चार वेगळे, बैलांचे अजून धरलेलेच नाहीत. म्हणून मुक्काम नदी, तलाव किंवा मोठी बारव असेल तिथंच पडतो, आणि शत्रूला तुमचा पुढचा मुक्काम आधीच माहीत असतो. या एका अडचणीतून तीन प्रकरणं निघतील.

नकाशातल्या नद्यांबद्दलही एक सांगायला हवं. तुमची नदी मध्येच फुटून दोन दिशांना जाते. नद्या वाटेत मिळतात. फुटतात त्या सहसा समुद्राजवळ, मुखाशी. वाकडी नदी हवी असेल तर मांजरा बघा. बीड जिल्ह्यात बालाघाटात उगम, पूर्वेला आणि आग्नेयेला लांबवर जाते, मग उत्तरेला वळून गोदावरीला मिळते. अशा वळणाच्या पोटात एखादं राज्य अलगद बसतं. डोंगर कुठल्या अंगाला पाऊस अडवतो हेही ठरवा. सह्याद्रीनं ढग रिते केल्यावर आपल्या वाट्याला काय उरतं, हे परभणीत सांगायला नको.

प्रश्न : जादूला मर्यादा कशी घालायची? (वाचक, हिंगोली)

उत्तर : पुराणांतल्या वरदानांकडे करारपत्र म्हणून पाहा. हिरण्यकशिपूनं माणूस-पशू, दिवस-रात्र, आत-बाहेर, जमीन-आकाश, शस्त्र, सगळी कलमं घालून घेतली. नरसिंहानं एकही कलम मोडलं नाही. संध्याकाळी, उंबऱ्यावर, मांडीवर घेऊन, नखांनी काम केलं. तुमची पळवाट अशीच मूळ शब्दांत हवी, आणि ते शब्द वाचकाला निदान शंभर पानं आधी दिसलेले हवेत. ऐन वेळी काढलेली पळवाट म्हणजे फसवणूक.

खर्चासाठी विश्वामित्र घ्या. तप साठवतो, रागात शाप देतो, शिल्लक संपते, पुन्हा पहिल्यापासून. जादूगाराला शिल्लक असली की तो दर वेळी विचार करूनच हात उचलतो.

प्रश्न : नावं आणि भाषा कशी ठरवावी? आमची बोली परक्या जगात चालेल का? (वाचक, उदगीर)

उत्तर : चालेल, आणि उपयोगीही पडेल. एका मुलखातला माणूस ‘काय करायलास’ म्हणतो, दुसऱ्यातला ‘काय करलालास’. दोन देश वेगळे झाले, एकही नवा शब्द न घडवता. मात्र बोली फक्त नोकराच्या आणि विनोदी पात्राच्या तोंडी घालू नका. राणीलाही द्या.

नावांत थर ठेवा. प्रतिष्ठानचं पैठण झालं ते जिभेवर झिजून. देवगिरीचं दौलताबाद झालं ते हुकमानं. अंबाजोगाई मधल्या काळात मोमिनाबाद होती. तुमच्या जुन्या शहराला दोन नावं द्या आणि कोण कुठलं वापरतं यावरून पक्ष दाखवा. खेड्यांना बुद्रुक आणि खुर्द लावायची फारसीतून आलेली रीत तर फुकट मिळालेली आहे. अपॉस्ट्रॉफी आणि जोडाक्षरांची भेंडोळी टाळा. मोठ्यानं वाचताना अडखळलात तर नाव बदला.

गुप्त लिपी हवी असेल तर महानुभावांची सकळ लिपी अभ्यासा. एका अक्षराच्या जागी दुसरं, एवढ्या युक्तीवर ग्रंथ कित्येक शतकं पंथाबाहेरच्यांना बंद राहिले. कादंबरीत अशी लिपी दोन-तीन ओळींपेक्षा जास्त छापू नका, वाचक पान उलटतो.

प्रश्न : नकाशा पुस्तकात छापावा का? (वाचक, पैठण)

उत्तर : प्रवास असेल तर छापा. डेमी आकाराचं पान साडेपाच बाय साडेआठ इंच. मूळ नकाशा दुप्पट आकारात काळ्या शाईनं काढा आणि लहान केल्यावर अक्षरं सात पॉइंटच्या खाली जाणार नाहीत एवढी मोठी ठेवा, नाहीतर रफार आणि अनुस्वार उडतात. दोन पानांवर पसरवलात तर शिवणीच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर जागा कोरी सोडा. राजधानी हमखास त्या घडीतच गडप होते.